व्यापारी आणि आपली वाङ्मयीन दृष्टी

व्यापारउदीम करणाऱ्या माणसाविषयी एखाद्या समाजाला मनातून काय वाटते, हे सभांतील ठरावांवरून फारसे कळत नाही. काळाच्या ओघात शब्दांना जी वळणे पडतात, त्यांवरून ते अधिक खात्रीने कळते. ‘सावकार’ हा शब्द ‘साधुकार’वरून आला असे व्युत्पत्तिकार मानतात, ज्याचा व्यवहार सचोटीचा तो सावकार. ‘शेठ’ हा ‘श्रेष्ठी’चा वंशज. ‘महाजन’ ह्या शब्दातील थोरपण तर उघडच आहे. ह्या तिन्ही शब्दांचे पुढे काय झाले हे वाचकांस सांगावयास नको. ‘धंदा’ ह्या निरुपद्रवी शब्दाचे अनेकवचन केले की त्याला गैरकृत्याचा वास येऊ लागतो, आणि ‘उद्योग’ ह्या शब्दामागे ‘नसते’ हे विशेषण बसले की कोणीतरी कोणाला रागे भरत आहे असे खुशाल समजावे. आम्हां समीक्षकांची परिभाषाही ह्याला अपवाद नाही. ‘बाजारू’, ‘गल्लाभरू’, ‘धंदेवाईक’ ह्यांपैकी एक विशेषण लावले की पुढे युक्तिवादाची गरज उरत नाही. नाटकवाल्यांना ‘धंदेवाईक’ हा शब्द बोचू लागला तेव्हा ‘व्यावसायिक’ हा सोवळा शब्द पुढे आला. रंगभूमीचा हिशेब मात्र पूर्वीसारखाच तिकिटांच्या विक्रीवर चालत राहिला. गंमत अशी की ज्या व्यवहाराचे नाव आपण असे टाळतो, त्याचीच भाषा गंभीर प्रसंगी विनासंकोच उसनी घेतो. आयुष्याचा ताळेबंद, अनुभवाचे भांडवल, शब्दाची पत, पापपुण्याचा जमाखर्च हे सारे पेढीवरचेच शब्द आहेत.

भाषांतराच्या कामात ह्या प्रश्नाशी गाठ वारंवार पडते. प्रेमचंदांनी मृत्यूच्या वर्षी, म्हणजे १९३६ साली, ‘महाजनी सभ्यता’ हा निबंध लिहिला. मराठीत आणू जाता त्याचे शीर्षकच आडवे येते. हिंदीत महाजन म्हणजे व्याजबट्टा करणारा. गुजरातीत महाजन म्हणजे व्यापाऱ्यांचा संघ, ज्याच्या निवाड्याला नगरात वजन असे. जुन्या मराठीत महाजन हा पेठेचा वतनदार, आणि आजच्या मराठीत ते बहुतांशी एक आडनाव. ‘सावकारी संस्कृती’ म्हणावे तर डोळ्यांपुढे खतपत्रांची पिशवी घेऊन बसलेला गावातला एक इसम उभा राहतो, आणि सर्व मानवी नात्यांना पैशाचे माप लावणारी जी व्यवस्था प्रेमचंदांना अभिप्रेत होती ती निसटते. ‘भांडवलशाही संस्कृती’ म्हणावे तर अर्थ हाती लागतो, पण ‘महाजन’ शब्दातील ती घराशेजारची ओळख हरवते. शेजारशेजारच्या तीन भाषांत एकाच शब्दाची एवढी निराळी गत व्हावी, ह्यामागे तीन समाजांचे तीन निरनिराळे अनुभव आहेत.

त्यांपैकी मराठी अनुभव आणि त्यातून घडलेली वाङ्मयीन दृष्टी हा येथे मुख्य विषय आहे. मला जे म्हणावयाचे आहे ते असे, की आपल्या वाङ्मयाने व्यापारी पुरुषाला दोनच ठिकाणी निरखून पाहिले: तो देतो तेव्हा आणि तो लुबाडतो तेव्हा. धर्मशाळा बांधणारा आणि जप्ती आणणारा, ही त्याची दोन रूपे आपल्या चांगल्या परिचयाची आहेत. ह्या दोहोंच्या मधले जे त्याचे रोजचे जगणे, म्हणजे खरेदी, विक्री, उधारी, पुढच्या हंगामाचा अंदाज, दिलेला शब्द पाळणे अथवा मोडणे, माणूस कामावर ठेवणे आणि काढणे, ते आपल्या कथाकादंबऱ्यांत जवळजवळ नाही. नीतीचे खरे प्रश्न तर त्या मधल्या जागेतच उभे राहतात. वाङ्मयाने जिचे चित्र रेखाटले नाही अशा जागेविषयी लोकमताने न्याय करावा तो कशाच्या आधारावर?

प्राचीन कथाकारांना ही जागा अपरिचित नव्हती. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील कथासरित्सागरात मेलेल्या उंदरावर धनवान झालेल्या तरुणाची गोष्ट आहे. तिचेच भावंड पाली जातककथांत भेटते. विशाखिल नावाच्या व्यापाऱ्याकडून हा निर्धन मुलगा भांडवल म्हणून एक मेलेला उंदीर मागून घेतो, तशी पावतीही देतो. मांजराच्या भक्ष्यासाठी उंदीर विकून त्याला दोन ओंजळी चणे मिळतात. ते चणे आणि थंड पाणी घेऊन तो गावाबाहेर बसतो, दमूनभागून आलेल्या मोळीविक्यांना देतो. ते त्याला दोन दोन लाकडे देतात. पुढे साठविलेल्या पैशातून तो तीन दिवसांचे सारे सरपण विकत घेतो. पाऊस लागतो, लाकूड दुर्मीळ होते, भाव चढतो. शेवटी तो सोन्याचा उंदीर करून विशाखिलाचे ऋण फेडतो. ह्या गोष्टीत व्यापाराची एकेक पायरी दिसते. चणे-पाणी ही सेवा होती, सरपणाची साठेबाजी मात्र टंचाईचा लाभ होता. कथाकार दोन्ही गोष्टी सारख्याच प्रसन्नपणे सांगतो. निवाडा तो देत नाही, पण निवाड्यासाठी लागणारा सर्व पुरावा वाचकापुढे मांडतो. शूद्रकाचा चारुदत्त ह्याच्या अगदी उलट. तो सार्थवाहांच्या कुळातला, श्रेष्ठींच्या चौकात राहणारा. देवलांच्या ‘मृच्छकटिका’मुळे मराठी प्रेक्षकाचा तो घरचा माणूस झाला. परंतु नाटक सुरू होते तेव्हा त्याची संपत्ती दान देऊन संपलेली असते. ती मिळविली कशी, ह्याची चौकशी नाटककारही करीत नाही आणि आपणही नाही. व्यापारी नायक व्हावयाचा तर त्याचा व्यापार आधी संपलेला असावा, हा संकेत तेव्हापासूनचा दिसतो.

संतवाङ्मयाने ह्या संकेताला निराळे बळ दिले. भक्तीसाठी गोऱ्या कुंभाराला चाक सोडावे लागले नाही, सावत्याला मळा सोडावा लागला नाही, नरहरी सोनाराची बागेसरी विझली नाही. उत्पादक श्रमाला आपल्या संतपरंपरेने जी प्रतिष्ठा दिली तिला तोड नाही. दुकान मात्र सुटावे लागले, आणि ते सुटले आपल्या सर्वांत थोर कवीचे. तुकोबांच्या घरी देहूच्या पेठेची महाजनकी होती, वाण्याचे दुकान होते, देणेघेणे होते. महीपतीच्या चरित्रकथनात तुकोबा मिरची विकावयास कोकणात जातात आणि लोक त्यांना फसवितात. व्यापारातील अपयश ही तेथे साधुत्वाची पहिली खूण ठरते. पुढे कर्जखते इंद्रायणीत बुडविल्याची कथा येते. भावाच्या वाट्याची खते त्याला देऊन केवळ आपल्या वाट्याची खते बुडविली, हा त्या कथेतला तपशील मला फार मोलाचा वाटतो. त्यात विरक्ती आहे आणि हिशेबाचा चोखपणाही आहे. आपल्या कीर्तनपरंपरेने विरक्ती उचलली, चोखपणाकडे तिचे लक्ष गेले नाही. तुकोबांच्या अभंगांतली माप, भाव, भांडवल, लाभ, तोटा ही प्रतिमासृष्टी ज्याने तागडी हाती धरली होती त्याचीच आहे, एवढे तरी आपण विसरू नये.

इंद्रायणीत खते बुडविणारा धनको होता. पुढे सुमारे सव्वादोनशे वर्षांनी, १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातील सुपे गावी ऋणकोंनी खते जाळली. दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकाराच्या देहावर नव्हता, त्याच्या कागदांवर होता. ज्या कागदाला इंग्रजी न्यायालयात अकस्मात नवे सामर्थ्य आले होते तो कागद त्यांना नाहीसा करावयाचा होता. १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा हे ह्या उद्रेकाचे फळ. महात्मा फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ ह्या ग्रंथामागे हाच काळ उभा आहे. फुले स्वतः कंत्राटदारीचा व्यवसाय करीत. मजूर, माल, बिले आणि अधिकाऱ्यांचे हात ह्यांची त्यांना प्रत्यक्ष माहिती होती, म्हणूनच बांधकामखात्यातील लबाडीवर ते लिहितात तेव्हा त्यांच्या शब्दांना धार येते. एक समाजक्रांतिकारक व्यवसायी होता ही गोष्ट आपल्या चरित्रकारांनी सांगितली आहे, पण बहुधा ओझरती. त्यांच्या आधी लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मधील पत्रांतून, आणि १८४९ च्या ‘लक्ष्मीज्ञाना’तून, व्यापाराकडे पाठ फिरविणाऱ्या पांढरपेशांना फटकारले होते, रानड्यांनी त्या विचाराला अर्थशास्त्राची बैठक दिली. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील मराठी वैचारिक गद्यात व्यापाराविषयी वाद आहे, माहिती आहे, तळमळ आहे. ललितवाङ्मयात ह्यातले काय उतरले असे पाहू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

ह्याचे एक कारण मराठी लेखकाच्या सामाजिक स्थानात आहे. तो शिक्षक होता, कारकून होता, वकील अथवा संपादक होता. पगाराची तारीख ही त्याच्या घरातली सर्वांत महत्त्वाची आर्थिक घटना होती. ज्या मुंबईत १८५४ साली कावसजी दावरांनी पहिल्या कापडगिरणीची कंपनी उभारली आणि पुढे भारतातील भांडवलाची राजधानी झाली, त्या मुंबईत भांडवलाची भाषा मुख्यतः गुजराती, कच्छी, मारवाडी होती, आणि मराठी ही गिरणीच्या खात्यातली भाषा होती. नाना शंकरशेटांसारखा पुरुष अपवाद; आणि त्यांचेही स्मरण आपण शाळा, संस्था आणि देणग्या ह्यांच्यासाठी करतो. परिणामी व्यापारी हा मराठी कथेत व नाटकात दुहेरी परका झाला, वर्गानेही आणि बोलीनेही. मोडके मराठी बोलणारा ढेरपोट्या शेठजी हे आमच्या रंगभूमीवरचे आणि पुढे चित्रपटांतलेही हमखास हशाचे पात्र. ह्या हशात एका व्यवसायाविषयीचा राग आणि एका समाजाविषयीचा पूर्वग्रह इतके बेमालूम मिसळले आहेत, की ते वेगळे करणे ही गोष्ट आपल्याला सुचलीच नाही. समीक्षेने हे काम करावयास हवे होते. ज्या नाटकांना आपण ‘सामाजिक’ म्हणून गौरविले त्यांतही हे पात्र येते, आणि आपण त्याला ‘वास्तव’ म्हणून स्वीकारतो, ही गोष्ट इतर भाषिक वाचकांपुढे बसून वाचताना फार खटकते.

गिरणगावाचे चित्रण मात्र मराठीने जीव ओतून केले. मामा वरेरकरांचे ‘सोन्याचा कळस’ (१९३२) हे नाटक आणि ‘धावता धोटा’ (१९३३) ही कादंबरी ह्यांनी गिरणीला मराठी वाङ्मयात आणले. नारायण सुर्व्यांच्या कवितेने त्या कामगाराला त्याचा स्वतःचा आवाज दिला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले, आणि तो संप विधिवत् न संपताच संपला. त्यानंतरच्या उद्ध्वस्त घराचे चित्र जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (१९९७) ह्या नाटकात आहे. चाळीतील एका खोलीत ते घडते. मालक रंगमंचावर येत नाही, आणि हे कलादृष्ट्या अगदी योग्य आहे, कारण त्या कुटुंबाच्या आयुष्यातही तो कधी समोर आलेला नसतो. त्याचा निर्णय मात्र त्या खोलीत प्रत्येक क्षणी हजर असतो. ‘अधांतर’ला मालक दाखविला नाही म्हणून दोष देणे अरसिकपणाचे होईल. प्रश्न त्या नाटकाचा नाहीच. त्याच्या शेजारी जे दुसरे नाटक उभे राहावयास हवे होते ते का राहिले नाही, हा प्रश्न आहे. कापडापेक्षा गिरणीखालची जमीन अधिक मोलाची झाली आहे हे कोणाच्या तरी मनात प्रथम आले असेल, कोणीतरी ते आकडे मांडले असतील. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाला वाट दिली, शहराला आणि सार्वजनिक घरबांधणीला त्यात वाटा ठेवला. २००१ च्या दुरुस्तीने तो वाटा केवळ मोकळ्या जागेपुरता आकुंचित केला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य मानली. ‘मोकळी जागा’ ह्या दोन शब्दांच्या अर्थावर एका शहराचे रूप ठरले. शब्दांच्या अर्थावर जगणाऱ्या आपल्या व्यवसायाला ह्याहून मोठे कथाबीज कोणते मिळणार? परंतु त्या निर्णयाच्या खोलीत मराठी कादंबरी शिरली आहे असे म्हणवत नाही. अरुण साधूंनी ‘मुंबई दिनांक’ (१९७३) आणि ‘सिंहासन’ (१९७७) ह्यांत उद्योगपती, पुढारी आणि कामगारनेता ह्यांना एकाच पटावर आणले, हे त्यांचे मोठेच श्रेय. तरी त्यांचे कुतूहल सत्तेच्या हिशेबाविषयी आहे, मालाच्या हिशेबाविषयी नाही.

हीच उदासीनता आपल्या स्वतःच्या उद्योगपुरुषांच्या बाबतीतही दिसते, त्यामुळे भाषेच्या परकेपणाचे कारण पुरेसे नाही असे म्हणावे लागते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर वसाहत वसविली. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते अशा समजुतीशी त्यांना झगडावे लागले. एका शेतकरी समाजाच्या मनातील शंका, एका यांत्रिकाची चिकाटी, आणि विकला न गेलेला माल घेऊन बसलेला कारखानदार, ह्यांत कादंबरीकाराला काय कमी होते? तरी ह्या विषयावर आत्मचरित्रे आणि गौरवग्रंथ निघाले, कादंबरी निघाली नाही. कारखान्याची खबर देण्यासाठी १९२० मध्ये निघालेले पत्र पुढे शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि त्या घराण्याच्या ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ह्या मासिकांनी मराठी मध्यमवर्गाची मते बदलली. म्हणजे आपल्या पुरोगामी वाचनाचा एक मोठा हिस्सा नांगर विकणाऱ्यांनी आपल्याला पुरविला. लेखक त्या मासिकांत लिहीत राहिले. कारखान्याच्या फाटकाच्या आत काय चालते हे पाहावे असे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना वाटले असावे.

सहकारी साखर कारखान्यांची कथा निराळी, पण तिचा शेवट तोच. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साहाय्याने १९५० मध्ये प्रवरेला शेतकऱ्यांचा कारखाना उभा केला. येथे कारखानदार मराठी होता, शेतकरी होता, कोणत्याही अर्थाने परका नव्हता. ह्या नव्या पुरुषासाठी भाषेने शब्द घडविला तो ‘साखरसम्राट’. व्यापारवाचक शब्द तिला सुचला नाही, राजवाचक सुचला. रंगनाथ पठाऱ्यांच्या ‘ताम्रपट’सारख्या कादंबरीने ह्या जगाचा विस्तृत वेध घेतला आहे, पण तेथेही मन गुंतते ते सत्तेच्या उभारणीत.

आता प्रेमचंदांकडे वळतो, कारण ह्या प्रश्नाचे भारतीय कादंबरीतील सर्वांत प्रामाणिक उत्तर ‘रंगभूमी’त (१९२५) आहे असे माझे मत आहे. बनारसच्या कडेची पांडेपूर ही वस्ती. सूरदास हा आंधळा भिकारी. त्याच्याजवळ वडिलोपार्जित जमिनीचा तुकडा आहे आणि त्यावर मोहल्ल्याची गुरे चरतात. चामड्याचा व्यापार करणाऱ्या जॉन सेवकाला तेथे सिगारेटचा कारखाना काढावयाचा आहे. सूरदास जमीन विकत नाही. मग नगरपालिकेचा अध्यक्ष असलेला राजा, भागभांडवल घेणारा कुंवर, इंग्रज अधिकारी अशी सारी यंत्रणा हलते, जमीन जाते, पुढे मजुरांच्या घरांसाठी वस्तीही जाते आणि झोपडी न सोडणारा सूरदास गोळीला बळी पडतो. एवढ्यावरून ही एका दुष्टाची आणि एका साधूची कथा वाटेल. तशी ती नाही. जॉन सेवक आपला पक्ष मांडतो तेव्हा प्रेमचंद त्याच्या तोंडी दुबळे युक्तिवाद घालीत नाहीत. लोकांना काम मिळेल, तंबाखूपायी परदेशी जाणारा पैसा देशात राहील, ओसाड जमिनीला मोल येईल, हे त्याचे म्हणणे १९२५ च्या स्वदेशीभारल्या वाचकाला सहज झिडकारता येण्यासारखे नव्हते. सूरदासाचे उत्तरही केवळ चराऊ जमिनीपुरते नाही. कारखान्यामागून ताडी-दारू येईल, शेतातला माणूस उपटून आणला जाईल, वस्तीची रीत बदलेल, असे तो म्हणतो. ह्या दोन पक्षांमध्ये मोहल्ल्यातील माणसे आपापल्या लाभहानीप्रमाणे डळमळतात. प्रेमचंदांची सहानुभूती कोठे आहे ह्याविषयी शंका नाही, परंतु प्रतिपक्षाला त्यांनी घर दिले, म्हातारा बाप दिला, व्यापारात रस नसलेला कवी मुलगा दिला, आणि मुख्य म्हणजे बुद्धी दिली. लोकमत प्रत्यक्षात जसे घडते, भीतीने, आशेने, शेजाऱ्याकडे पाहून, तसे ते येथे घडताना दिसते. ‘गोदान’मधील खन्ना हा बँकवाला आणि साखरगिरणीचा मालक ह्या तोलाचा नाही, त्याची गिरणी जळते तेव्हा त्याचे डोळे उघडतात, आणि डोळे उघडणारा मालक ही लेखकाने स्वतःसाठी शोधलेली सोय आहे. मराठी समीक्षेत ‘गोदान’चा उल्लेख वारंवार येतो, ‘रंगभूमी’चा क्वचित. हा क्रम मला उलटा वाटतो.

गुजरातीतून एक कादंबरी नसलेले पुस्तक येथे आठवते. १९१८ साली अहमदाबादेत गिरणीकामगारांनी प्लेगकाळातील बोनस बंद झाल्यावर वेतनवाढ मागितली. मालक वीस टक्के देत होते, गांधीजींनी पस्तीस टक्क्यांची मागणी न्याय्य ठरविली आणि शेवटी उपोषण केले. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई, कामगारांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. महादेवभाई देसायांनी ह्या लढ्याची हकीकत ‘एक धर्मयुद्ध’ ह्या नावाने लिहिली. नावातच दृष्टी आहे: दोन्ही पक्षांना धर्म आहे असे गृहीत धरल्यावाचून धर्मयुद्ध होत नाही. येथे टक्के, महागाई, मालकांची ऐपत ह्यांची चर्चा आहे. व्यापाऱ्याचे वर्तन त्याच्या पेढीवरच तपासले जाते, देवळाच्या पायरीवर नव्हे. गांधीजींची विश्वस्तकल्पना अनेकांना भाबडी वाटते, आणि मालकाला विश्वस्त मानून त्याचा हिशेब तपासणार कोण, हा आक्षेप मलाही अजून निरुत्तर करतो. तरीही ज्या समाजात ‘महाजन’ म्हणजे व्यापाऱ्यांचा जबाबदार संघ, त्याच समाजात ही कल्पना आणि हे पुस्तक जन्मावे, हा योगायोग नाही. जमनालाल बजाजांसारखा व्यापारी वर्ध्याला, म्हणजे आपल्या दाराशी होता. मराठीत त्यांचा त्याग आपण जाणतो, त्यांचा व्यापार कसा चाले हे जाणत नाही.

युरोपीय वाङ्मयात ह्या मधल्या जागेचे सर्वांत सूक्ष्म चित्रण टोमास मानच्या ‘बुडनब्रोक्स’ (१९०१) ह्या कादंबरीत आहे. मान स्वतः ल्यूबेकमधील धान्यव्यापाऱ्याचा मुलगा. अडचणीत सापडलेल्या जमीनदाराचे उभे पीक निम्म्या किमतीत घ्यावे, असा प्रस्ताव टोमास बुडनब्रोकपुढे बहिणीमार्फत येतो. त्याच्या पेढीने असला सौदा कधी केलेला नाही. तो प्रथम नकार देतो, मग एकांतात स्वतःशी झगडतो. ही अनीती आहे की केवळ धास्ती? आपण सज्जन आहोत की नुसते दुबळे झालो आहोत? अखेर तो सौदा करतो, आणि पेढीच्या शताब्दीच्या समारंभातच पीक गारांनी गेल्याची तार येते. उभे पीक पडत्या भावाने घेणे हा व्यवहार आपल्या विदर्भ-मराठवाड्याला काही नवा नाही. तो करणाऱ्याच्या मनात रात्री काय चालते, हे मात्र ल्यूबेकच्या कादंबरीत वाचावे लागते.

ह्या उणिवेची किंमत केवळ वाङ्मयाने मोजली असती तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. आजच्या मराठी ग्रंथविक्रेत्याच्या मांडणीवर उद्योजकांच्या यशोगाथांची एक स्वतंत्र फळी असते आणि ती झपाट्याने रिकामी होते. ही पुस्तके वाचली की त्यांचा साचा ओळखीचा वाटतो. बालपणीचे दारिद्र्य, स्वकीयांची उपेक्षा, एक साक्षात्कारी क्षण, परीक्षेचा काळ आणि शेवटी सिद्धी: महीपतीच्या संतचरित्रांचा हा साचा आहे, दैवत तेवढे बदलले. कर्ज कोणी दिले, जमीन कशी मिळाली, भागीदार का गेला, पहिल्या कामगारांना वेतन काय होते, हे तेथेही नाही. पूर्वी व्यापार सोडल्याने माणूस वंद्य होत असे, आता व्यापार वाढविल्याने होतो. दोन्ही वेळा मधले पान कोरेच. गिरीश कुबेरांचे ‘टाटायन’ ह्या फळीवरच्या पुस्तकांपेक्षा पुष्कळच भारदस्त आहे. त्याला मिळालेला वाचकवर्ग पाहता ह्या विषयाची भूक खरी आहे हे दिसते.

कायद्यानेही हीच दृष्टी उचलली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल किंवा पाच कोटींचा निव्वळ नफा, ह्यांपैकी एक निकष पुरा करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी असे ते सांगते. ह्या तरतुदीने शाळा आणि दवाखाने उभे राहिले असतील तर त्याचे स्वागतच आहे. परंतु कंपनीच्या नित्य व्यवसायक्रमातील कामे ह्या खर्चात सामान्यतः धरता येत नाहीत. म्हणजे ‘सामाजिक उत्तरदायित्व’ हे त्या कलमाच्या हिशेबी व्यवसायाच्या बाहेरच सुरू होते. त्या दोन टक्क्यांचा अहवाल छापला जातो, त्याची छायाचित्रे निघतात, आणि उरलेले अठ्ठ्याण्णव कसे मिळविले ह्याविषयी वृत्तपत्र वाचणाऱ्या नागरिकाला तेवढ्या आस्थेने कोणी सांगत नाही. चारुदत्ताच्या प्रेक्षकाला हे विचित्र वाटले नसते. आम्ही लेखकही ह्या रीतीला सरावलो आहोत. साहू जैन परिवाराने १९४४ मध्ये स्थापिलेल्या भारतीय ज्ञानपीठाचा पुरस्कार हा भारतीय लेखकाचा मोठा सन्मान; खांडेकर, कुसुमाग्रज, करंदीकर, नेमाडे ह्यांना तो मिळाला तेव्हा सारा महाराष्ट्र आनंदला आणि ते योग्यच होते. दात्याचे रूप आपल्याला ओळखता येते.

प्रेमचंदांच्या त्या शीर्षकाशी मी अजून झगडतो आहे. एका मसुद्यात ‘सावकारी’ आहे, दुसऱ्यात ‘धनसत्तेची संस्कृती’, आणि तिसऱ्यात शब्द तसाच ठेवून शेजारी कोणतीही टीप दिलेली नाही. तूर्त तिसरा मसुदा पुढे ठेवावा असे वाटते. ‘महाजनी’ म्हणजे काय असे वाचकाने विचारले तर त्याला हिंदी, गुजराती आणि देहूची पेठ ह्या तिन्ही ठिकाणी जाऊन यावे लागेल, आणि तेवढी पायपीट त्याने करावी.